उशीखालची पट्टी

त्या एका खुर्चीत सुगंधा आवळेला काय काय मिळणार होतं, ते मी बोटांवर मोजून ठेवलं होतं. एक, खडू. दोन, उत्तरेच्या खिडकीखालचं मोठं टेबल. तीन, पांडूमामाच्या किटलीतला पहिला कप. चार, ‘मास्तर’ हा शब्द. बाईमाणसाला तो कसा लावतात ते मला ठाऊक नव्हतं, पण लोक काहीतरी शोधून काढतातच. या चारही गोष्टी त्या वेळी माझ्याकडे होत्या. म्हणजे खुर्ची साधली तर तिचे चार जमा आणि माझे चार वजा. बिघडली तर सगळं जागच्या जागी. मामला इतका सरळ होता.

खुर्ची हेरवाडकर गुरुजींची. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही डोळे गेलेले. मार्चमधल्या एका दुपारी त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून आमच्या कारखान्यात घेऊन आली. दिवसभर बसून रेडिओ ऐकायला त्यांना चामड्याची खुर्ची हवी होती, आणि चामडं ते स्वतः निवडणार होते. मालक बोंद्रेसाहेबांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाले, मास्तर, नमुने दाखवा.

मी एक एक तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवत गेलो. आधी स्वेड, म्हणजे कातड्याची आतली बाजू, मऊ लवेची. गुरुजींनी हात फिरवला आणि म्हणाले, “हे मांजर.” मग नुबक. ती वरचीच बाजू, पण अगदी हलकी घासलेली. “हे मिशी फुटायच्या आधीचं पोरगं,” म्हणाले. त्यांची मुलगी हसली. मग मी माझा हुकमी तुकडा दिला, कोटिंगवाला. कोल्हापुरातल्या निम्म्या वकिलांच्या आणि झाडून सगळ्या पुढाऱ्यांच्या ऑफिसात हेच चामडं मी बसवलं होतं. वरचा दाणा, म्हणजे कातड्याचा मूळ पोत, घासून काढायचा, रंगाचा जाड थर द्यायचा आणि प्रेसखाली नवा दाणा छापायचा. चहा सांडा, शाई सांडा, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

गुरुजींनी त्यावर नखानं टिचकी मारली.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हे वहीचं कव्हर आहे. हात वरच राहतो.”

एकोणीस वर्षं मी वह्यांना कव्हरं घालत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात फोम चिकटवायच्या कोपऱ्यातून सुगंधा उठून आली. कारखान्यात येऊन तिला सात महिने झाले होते. नवरा वारलेला, माहेर कातडं कमावणाऱ्यांचं. मला न विचारता तिनं खालच्या खणातून एक तपकिरी तुकडा काढला आणि गुरुजींच्या हातात दिला. चेन्नईच्या व्यापाऱ्यानं पाठवलेला तो नमुना मी अर्धवट माल म्हणून खणात टाकला होता. ॲनिलीन म्हणतात त्याला. रंग नुसता मुरवलेला, वर थर नाही, घासणं नाही, छापणं नाही. जनावराची कातडी जशी होती तशी.

गुरुजींचा अंगठा एका जागी थांबला.

“इथं काहीतरी लागलंय याला.”

“काटा लागलाय, गुरुजी,” सुगंधा म्हणाली. “बाभळीचा असंल.”

“म्हणजे हे जनावर होतं तर,” गुरुजी म्हणाले, आणि तुकडा त्यांनी परत दिलाच नाही. जाताना खिशात घालून घेऊन गेले.

आमच्याकडे खडूचा एक नियम होता, बोंद्रेसाहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला. कातडं टेबलावर पसरलं की मास्तरानं खडू घेऊन त्यावर फिरायचं. जिथं गोचीड चावलेली, तार लागलेली, तिथं गोल काढायचा. नुसता गोल म्हणजे एवढं कापून टाकून द्या. गोलात फुली म्हणजे वापरा, पण लपणाऱ्या जागी: उशीखाली, भिंतीकडच्या बाजूला. खूण नसेल तिथलं बिनधास्त समोर लावा. कापणाऱ्यानं खडूचं ऐकायचं. खडू चुकला तर दोष खडू धरणाऱ्याचा, कापणाऱ्याचा नाही. हा नियम मला फार आवडायचा, कारण बारा वर्षांत माझा खडू चुकला नव्हता. कोटिंगच्या मालावर चुकायला जागाच नसते, सगळे डाग रंगाखाली गेलेले असतात, हा भाग वेगळा. तो मी कुणाला सांगत नसे.

महिन्याभरानं चेन्नईहून अख्खं कातडं आलं. साहेबांनी ते माझ्या टेबलावर उलगडलं, आणि खडू उचलून सुगंधाच्या हातात दिला.

“हा माल तुम्हाला कळतो, ताई. एवढी खुर्ची तुम्ही मार्क करा. दिनूमास्तर कापतील.”

एवढी खुर्ची, असं ते म्हणाले. पण खडू एकदा हातातून गेला की ‘एवढी’ किती लांबते ते मला माहीत होतं. माझ्या आधीच्या मास्तरांकडून तो माझ्याकडे असाच ‘एवढ्या सोफ्यापुरता’ आला होता.

नेमका त्याच वेळी पांडूमामा चहा घेऊन आला. सुगंधाच्या हातातला खडू बघून तो किटली धरून घटकाभर उभा राहिला. मग पहिला कप त्यानं मलाच दिला, पण भरताना नजर तिच्याकडे होती. तो चहा मला आजही आठवतो. साखर बरोबर होती, आलं बरोबर होतं, आणि घशाखाली उतरत नव्हता.

एका कातड्याला मला पाव तास लागायचा. तिनं अर्धा दिवस घेतला. डोळे मिटून तळहातानं ती मानेपासून शेपटीपर्यंत चाचपत जायची, मध्येच थांबायची, वाकून वास घ्यायची. खडू इतका हलका धरायची की रेघ दिसते न दिसते. आणि रेघ चुकली तर पुसायला घरून एक मऊ ब्रश आणला होता, तोंडाला पावडर लावायच्या ब्रशासारखा. मी मशीनवरच्या बाबूला म्हटलं, बघ, गाईचा मेकअप चाललाय. बाबू हसला नाही. तो मशीन बंद करून तिच्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. मी खडू फिरवताना मशीन कधी कुणी बंद केलं नव्हतं.

साहेब दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, “मास्तर, शिकून घ्या जरा.”

हे ते चेष्टेत म्हणाले असतील. मी ते तसं घेतलं नाही.

दुपारी सगळे डबे घेऊन बाहेर पत्र्याच्या शेडखाली गेले. मी पाण्याची बाटली विसरलो म्हणून परत आलो. विसरलो नव्हतो. कातडं खिडकीखाली पसरलेलं होतं, आणि पाठीच्या बरोबर मधे, सगळ्यात देखण्या भागात, बोटभर लांबीची तारेची एक जुनी खूण होती. तिच्याभोवती सुगंधाचा गोल, गोलात फुली. म्हणजे लपणाऱ्या जागी.

माझा बेत मोठा नव्हता. तो गोल पुसायचा. खूण नाही म्हणजे समोर लावा. मी नियमाप्रमाणे तो भाग खुर्चीच्या उजव्या हातावर घेणार. खुर्ची उभी राहिली की साहेबांना हातावर मधोमध ओरखडा दिसणार, आणि खडू कुणाचा होता हे सगळ्या कारखान्याला माहीत. काट्याच्या खुणेवर भाळून जो माणूस तुकडा खिशात घालून गेला, त्याला कदाचित हा ओरखडाही आवडला असता. पण एवढा लांबचा विचार करायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

खांद्यावरचं फडकं मी बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं, पिळलं, चार बोटांखाली धरलं आणि गोल पुसला. एकोणीस वर्षं खडू मी असाच पुसत आलो होतो. गोल गेला. फुली गेली. पण फडक्याखालचं कातडं काळपट झालं.

ओलं आहे, वाळेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाकून त्यावर फुंकर घातली. दोनदा घातली. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, दार लावून, एका मेलेल्या गाईच्या पाठीवर फुंकर घालतोय. कुणी बघितलं असतं तर तिथंच माझं मास्तरपण संपलं असतं. मग मी जाऊन जेवलो. भाकरीबरोबर झुणका होता. चव सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा डाग वाळला होता, आणि वाळून पक्का झाला होता. थर नसलेलं चामडं पाणी पिऊन टाकतं आणि जिथवर प्यालं तिथं कडेची रेघ ठेवतं. कातड्यावर, जुन्या खुणेच्या शेजारी, चार बोटं उमटली होती. करंगळीसुद्धा ओळखू येत होती.

सुगंधा त्यावर वाकून उभी होती. तिनं डागाकडे बघितलं. मग माझ्या खांद्याकडे. फडक्याच्या कोपऱ्याला खडूचा पांढरा पट्टा होता. झटकायचं मला सुचलंच नव्हतं. आमची नजरानजर झाली आणि माझे चारच्या चार आकडे वजा झाले, असं मी धरून चाललो. पाचवाही गेला, जो मी मोजलाच नव्हता: नोकरी. दुसऱ्याच्या खडूला हात लावणाऱ्या माणसाला मोठ्या बोंद्र्यांनी एकदा उभ्या उभ्या बाहेर काढलं होतं, आणि साहेब बापापेक्षा मऊ नव्हते.

साहेब आत आले. डाग बघितला. बाकीचेही गोळा झाले.

“हे कुणी केलं?”

मी फडकं खांद्यावरून काढून मुठीत दाबलं.

“माझ्या हातनं झालं, साहेब,” सुगंधा म्हणाली. “बाटली कलंडली.”

बाटलीला बोटं नसतात. पण साहेबांना त्या घडीला बोटं दिसत नव्हती, गुरुजींना दिलेली तारीख दिसत होती. दुसरं कातडं यायला महिना लागणार होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी तिच्या हातातून खडू काढून घेतला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

“मास्तर, तुमचं तुम्ही बघा,” म्हणाले. “माझंच चुकलं.”

तिनं मान खाली घातली नाही. फक्त म्हणाली की, कागदी साचे फिरवून बसवले तर याच कातड्यात खुर्ची निघेल, डाग उशीखालच्या पट्टीत जाईल. साहेब मान हलवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत तिनं साचे फिरवले, मी खडूनं तिच्या सांगण्यावर रेघा मारल्या. म्हणजे खडू माझ्या हातात आणि हुकूम तिचा. बघणाऱ्याला उलटं वाटत होतं.

शिलाई माझ्याकडे होती. ती एवढंच म्हणाली, “उशीखालची पट्टी मी शिवते. ती कुणाला दिसत नाही.” मी खांदे उडवले. त्या पट्टीकडे बघायची मला इच्छाच नव्हती. तिनं शिवली, मी न बघता उशी वर टाकली, आणि खुर्ची तारखेला गेली.

त्यानंतरचे दोन दिवस मी झोपलो नाही, कारण हिशेब लागत नव्हता. फुकट कुणी कुणासाठी काही करत नाही, निदान मी तरी केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मशीनशेजारी येऊन उभी राहिली.

“मास्तर, माझी शिलाई कच्ची आहे. तुमचं नाव सांगितलं असतं तर मला शिकवलं कुणी असतं? कोपरा कसा वळवायचा ते दाखवा.”

छातीवरचा दगड उतरला. म्हणजे असं होतं तर. बाईनं सौदा केला होता. तिला कला हवी होती, मला खडू. मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली आणि मोठ्या तोऱ्यात शिकवायला बसलो. कोपरा, दुहेरी टाका, गोलाईची शिलाई. दीड वर्ष शिकवलं. ती भराभर शिकत गेली आणि मी पांडूमामाला सांगत सुटलो की शिष्य गुरूवर जातो. ‘सुगंधाबाई, तुम्ही’ वरून मी ‘सुगंधा, तू’ वर आलो. मग ती कारखाना सोडून गेली, उद्यमनगरात स्वतःचं लहानसं दुकान काढलं. मी नारळ घेऊन गेलो होतो. येताना मन अगदी हलकं होतं. फिट्टंफाट झाली होती.

त्या फिट्टंफाटीवर मी अकरा वर्षं सुखानं काढली. त्या काळात बोंद्रेसाहेबांनी कारखाना बंद केला. खिडकीखालचं टेबल भंगारात गेलं, पांडूमामा गावी गेला, खडू कुठं पडला देव जाणे. मी घरीच किरकोळ दुरुस्त्या करायला लागलो. गल्लीत मला ‘काका’ म्हणतात.

मागच्या महिन्यात सुगंधाचा फोन आला. हेरवाडकर गुरुजी गेले. त्यांच्या मुलीला ती खुर्ची स्वतःसाठी ठेवायची आहे. फोम बसलाय, तेवढा बदलून हवा. “तुमच्या हातची आहे, मास्तर. उघडताना या.”

गेलो. तिच्या दुकानात ठेवलेली खुर्ची ओळखू येईना. कोटिंगचं चामडं म्हातारं होतं तसं सोलतं. हे सोललं नव्हतं, पिकलं होतं. गुरुजींचे हात जिथं विसावायचे तिथं मधासारखा गडद, तुकतुकीत रंग चढला होता. डोकं टेकायचं तिथंही. बारा-तेरा वर्षं बसलेला माणूस त्या खुर्चीत मुरला होता. मी उगाच तिच्या हातावरून हात फिरवला आणि लगेच काढून घेतला.

सुगंधानं उशी उचलली. उशीखालच्या पट्टीला ऊन नाही, हात नाही, काही नाही. ती पहिल्या दिवसाइतकी फिकट राहिली होती. आणि तिच्यावर तारेची जुनी खूण, शेजारी माझी चार बोटं.

“जशीच्या तशी आहेत बघा,” ती म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती.

बोलणं टाळायला मी चष्मा लावला आणि शिलाईकडे बघायला लागलो. आणि बघतच राहिलो. ती मशीनची शिलाई नव्हती. हातानं, दोन सुयांनी घातलेला टाका. एक सुई वरून, एक खालून, प्रत्येक टाका एकाच बाजूला कललेला, जणू मोजपट्टीवर बसवलेला. मी नख घालून बघितलं, दोरा हलेना. कोपऱ्याला आलो. कोपरा वळवायची जी युक्ती मी तिला नंतर, मोठा मान घेऊन, हातात हात धरून शिकवली होती, ती इथं आधीच होती. माझ्यापेक्षा सफाईनं.

“ही पट्टी कुणी शिवली?”

“मीच की. तुम्हीच तर दिली होती.”

“तेव्हा?”

“तेव्हाच.”

“तुझी शिलाई कच्ची होती.”

ती उशीतला जुना फोम ओढून काढत होती. तो काढून तिनं बाजूला ठेवला.

“मामाकडं घोड्यांची खोगीरं शिवायची मी, मास्तर. लगीन होईस्तोवर.”

“मग दीड वर्ष माझ्यापुढं बसून काय शिकलीस?”

“मशीनचं थोडं शिकले.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्हाला रोज माझ्यासमोर बसावं लागणार होतं. मी काहीच मागितलं नसतं, तर बसला असता का?”

मी पट्टीच्या कोपऱ्यावरून पुन्हा नख फिरवलं.

तिनं ॲप्रनच्या खिशातून खडू काढून माझ्यापुढं धरला. पट्टी ठेवायची की बदलायची ते तुम्हीच सांगा, म्हणाली. दुकानात त्याच रंगाचा तुकडा आहे. किती वर्षांनी खडू हातात घेतला होता. मी चार बोटांभोवती एक गोल काढला. नुसता गोल. कापून टाकून द्या.

सुगंधानं गोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून खडू घेतला आणि गोलात हलक्या हातानं फुली मारली.

तिच्या दुकानातल्या बाईनं चहा आणला. पहिला कप सुगंधानं माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, घ्या, मास्तर. चहा पिता पिता मी सगळा हिशेब पहिल्यापासून पुन्हा मांडून बघितला. खडू मला, टेबल मला, पहिला कप मला, नाव मला. साहेबांची तारीख पाळली गेली, गुरुजींना खुर्ची मिळाली. दिलं सगळं त्या एकटीनं. आणि वर माझ्या नावावर एक खोटी उधारी मांडून ठेवली, मला फेडल्यासारखं वाटावं म्हणून.